लाइन गेल्यावर

लाइन गेली की गाव महावितरणच्या नावाने बोटं मोडतं,
मी शटर अर्धं ओढते
आणि ट्रॅक्टरच्या जुन्या बॅटरीला चिमटे लावते.
शिवारातले सगळे बोअर एकदम गप्प.
स्टार्टर, चार्जर, पिठाची चक्की,
कुणाच्या तरी ट्यूबलाइटचा खरखरता चोक,
सगळं निवळतं
आणि गाळ बसल्यावर दिसावा तसा तळाशी
एक माणूस सापडतो, मघापासून बोलत असलेला.

ही युक्ती उईके मास्तरांची.
पोलीस वायरलेसमधून रिटायर झालेले,
संत्र्याच्या बगिच्यातली जळकी मोटर घेऊन आले
आणि पान्ह्याने तिच्याच अंगावर ठोकलं: दा-दिट.
"हा एन. तुह्या नावातला पयला."
मग उलटं: दिट-दा.
"हा ए. शेवटचा."
मधली अक्षरं मी घरी नेली,
भाकर उलटताना तव्याच्या काठावर वाजवली.
आई म्हणाली, तवा फुटन.

"सहा महिने नुसतं आयक," मास्तर म्हणाले,
"बोलाची घाई झालेला मानूस हवेत लगेच वयखू येते."
मी ऐकलं.
एक म्हातारा रोज साडेसहाला
दूरच्या मित्राला आपल्या गुडघ्याचा अहवाल द्यायचा.
पावसाळ्यात त्याचा डावा बिघडला, दिवाळीत उजवा.
मला त्याचं गाव कधी नीट ऐकू आलं नाही.

अँटेनाची तार दुकानातलीच,
पाच हॉर्सपॉवरच्या रिळाचा उरलेला शेवट.
वार्निश ब्लेडने खरवडलं, डाग दिला,
मधला भाग बांबूवर, एक टोक चिंचेला,
दुसरं शाळेच्या कंपाउंडला, हेडमास्तरांना विचारून.
इकडे तेहतीस फूट, तिकडे तेहतीस.
त्याहून वीतभर जास्तच ठेवायची.
तार कापता येते, तोडलेली वाढवता येत नाही,
हे मला वाइंडिंगने आधीच शिकवलेलं
तरी एकदा जास्त कापलीच.

नागपूरला परीक्षा दिली. मग कागदांची वाट.
चौकशीला वरूडहून शिपाई आला.
"कोनाशी बोलनार?"
माहीत नाही.
"काय बोलनार?"
तेही माहीत नाही.
त्याने पेन थांबवलं, चहा संपवला,
आणि लिहिलं, हरकत नाही.

लायसन आलं त्या संध्याकाळी
लाइन नेमकी जाईना.
पावणेसातला गेली.
हात मांडीला पुसून मी बटण दाबलं.
सीक्यू, सीक्यू. माझाच आवाज मला भिंतीसारखा लागला.
कुणी नाही.
पुन्हा. कुणी नाही.
बाबा दारात उभे, टॉर्च घेऊन, काही न बोलता.
चौथ्यांदा समुद्राकडून एक आवाज वर आला, मंगळुरूजवळचा,
म्हणाला, नाव पुन्हा सांगा.

गावाला मी निरगुनी,
रेशनकार्डावर निरगुना,
पाटीवर फक्त खेरडे वाइंडिंग.
मी म्हटलं, नोव्हेंबर, इंडिया, रोमिओ,
गोल्फ, युनिफॉर्म, नोव्हेंबर, अल्फा.
इतक्या थाटात माझं नाव
आजवर कुणी घेतलं नव्हतं, मीसुद्धा.
त्याने ते जसंच्या तसं परत दिलं,
अँटेना कसली विचारली,
विहिरीच्या मोटरीची तार म्हटल्यावर मोठ्याने हसला.

"काय म्हनते तो?" बाबा.
म्हणतो पाच-सात.
"म्हंजे?"
म्हणजे मी ऐकू येते.
"येवढंच?"
एवढंच.
मी वहीत वेळ लिहिली, जगाची वेळ,
आपल्यातून साडेपाच तास वजा: तेरा तीस.
बाबांनी घड्याळाकडे पाहिलं, त्यात सात वाजले होते.

मी निरोपाचे आकडे म्हणतच होते, सेव्हंटी थ्री,
आणि गल्लीत पोरं ओरडली, आलीऽऽ!
चक्की, चोक, चार्जर, सगळे एका दमात उठले.
त्या खरखरीखाली तो अजून काहीतरी बोलत होता.
मी बटण सोडून
कान स्पीकरला लावून बसले.
शेवटचे आकडे त्याला मिळाले की नाही
कोण जाणे.