प्रत्येक वर्षाची वेगळी याचिका

कुंजलता बेहरा आल्या तेव्हा
पिशवीत नवऱ्याचा फोन होता, चार्ज केलेला.
चार वर्षं त्या रिचार्ज मारत आल्यात.
कुणी फोन करत नाही त्यावर.
आयकर खात्याचे मेसेज तेवढे आले,
एकाच रात्री तीन.

कटकच्या हायकोर्टात मी वकिलांचा कारकून,
पानांना नंबर घालतो, दोरा ओवतो.
म्हणालो, मावशी, वर्षं तीन तर याचिका तीन,
स्टॅम्प तीन, वकालतनामे तीन.
त्या म्हणाल्या,
माणूस तर एकच होता.

उद्धव बेहरा. चांदीच्या तारेचं काम.
केसाएवढी तार ओढून
दसऱ्याला देवीमागची प्रभावळ विणायचे.
गल्लीची वर्गणी जमायची,
चांदी घ्यायला यांच्या खात्यात पडायची.
नोटिशीत तिचं नाव: निसटलेलं उत्पन्न.

पहिलं वर्ष प्रभावळीचं.
दुसरं मोतीबिंदूचं, काम जवळजवळ बंद.
तिसरं मी दोनदा तपासलं.
खात्याचं वर्ष कमाईच्या एक पाऊल पुढे चालतं;
ते एप्रिलात उजाडलं तेव्हा
उद्धवबाबूंना खाननगरच्या स्मशानात नेऊन
आठ दिवस झाले होते.

मुद्दा सोपा आहे, साहेब म्हणाले,
मेलेल्याच्या नावाने नोटीस टिकत नाही.
दाखला जोड.
जोडला. पान अठ्ठावीस, पान अठ्ठावीस,
तिसऱ्यात पान एकतीस.
प्रत्येकावर लिहिलं, खरी नक्कल.
बाई बघत होत्या.
‘दर वेळी न्यायचं का त्यांना?’
एवढंच विचारलं.

वरील मजकूर माझ्या माहितीप्रमाणे खरा आहे,
याखाली गोल ओडिया अक्षरांत सही.
तिसऱ्या सहीत लता गळाली,
नुसतं कुंज उरलं.
मी काही बोललो नाही.

गुरुवारी दोन वर्षांना स्थगिती मिळाली.
तिसरं बोर्डावर आलंच नाही.
रजिस्ट्रीने त्रुटी काढली होती:
पान एकतीस अस्पष्ट, वाचता येत नाही.
झेरॉक्सची शाई संपत आली होती,
मला माहीत होतं, तरी चालवून घेतलं.

मूळ दाखला मागवायला फोन लावला.
फायलीत नंबर एकच होता,
नोटिशीतून उतरवलेला.

पहिल्याच रिंगला उचलला त्यांनी.
हो, म्हणाल्या, उद्धवबाबूंचाच फोन.
बोला.