ब्लॉक शून्य, शून्य

आज पाण्याचा दिवस. पाच दिवसांनी नळ येणार,
म्हणून आईला सांगून निघाले: अर्ध्या तासात येते,
मशीन चालू करते, डिझाइन लूमवर पाठवते, की आलेच.

काळा पडदा.
पांढरी अक्षरं दाटीनं वर सरकत गेली
आणि थांबली. अगदी शेवटी:
कर्नल पॅनिक. रूट सापडत नाही.
अननोन ब्लॉक, शून्य, शून्य.
कीबोर्डवरचे दोन दिवे उघडझाप करत राहिले,
कुलूप लावलेल्या घरात कुणी चालूच ठेवून गेल्यासारखे.

आम्ही घरकुलात राहतो. ब्लॉक काय असतो
ते मला कुणी शिकवू नये.
सारखी दारं, सारख्या पायऱ्या.
सहा वर्षांची असताना पलीकडच्या रांगेत शिरून
मी परक्यांच्या घरी जेवायला बसले होते.
त्यांनी वाढलंही.
पण शून्य, शून्य? तिथं कोण राहतं?

चूक माझीच. काल रात्री दिवे मालवता मालवता
त्यानं विचारलं, अपडेट करू का?
मी हो म्हटलं,
पंगतीत दुसऱ्यांदा भाताला म्हणतो तसं.

नवाला लूम सुरू होणार. बाराशे टॉवेल,
हैदराबादच्या कुठल्याशा लॉजचे,
काठाला नाव, नावाच्या दोन्ही बाजूंना कमळ.
कमळाची तिसरी पाकळी काल मी दहादा मोडून काढली.
ती आत आहे.
आत म्हणजे कुठं, हे आत्ता त्या डबड्यालाही माहीत नाही.

पोशेट्टीमामा आले, किल्ली खुंटीला लावली.
एके काळी ते पुठ्ठ्यांना भोकं पाडायचे,
एका फुलाला चारशे पुठ्ठे, दोरीत ओवलेले.
आता झाडलोट करतात, चहा सांगतात,
आणि माळ्यावरचे पुठ्ठे
मालकाला रद्दीत घालू देत नाहीत.

"काय झालं गं?"
"नवीन घातलं मामा. बसलं नाही."
"जुनं टोक कापलं काय?"

मला कळेना. मग ते हातानं दाखवू लागले:
बीम संपला की जुन्या ताण्याची शेपटं फणीत राहू द्यायची,
नव्याचा एकेक धागा एकेका जुन्याला गाठायचा.
आधीच कापलीस तर बस मग
अडीच हजार धागे पहिल्यापासून ओवत.

शिफ्ट दाबून धरलं, बंद करून चालू केलं.
यादी आली.
सगळ्यात वर नवा, मोठ्या आकड्याचा.
त्याखाली गेल्या महिन्यातला.
त्याच्याही खाली दोघं, मी साफ विसरलेले.
दुसऱ्यावर गेले. एंटर.

अक्षरं धावली. थांबतील तिथं थांबली नाहीत.
कमळ उघडलं, तिसऱ्या पाकळीसकट.
मामा म्हणाले, "चहा सांगतो," आणि तिथंच उभे राहिले.

कारण नंतर सापडलं. ते मी त्यांना सांगितलं नाही.
जागाच नव्हती.
त्या एवढ्याशा खोलीत जुने असे दाटून बसलेले
की नवा आला तेव्हा
त्याच्या किल्ल्यांचा जुडगा ठेवायला कोनाडा उरला नाही.
वॉचमन कामावर रुजू, किल्ल्या नाहीत,
दाराशी उभा राहून ओरडला बिचारा.
वाचवलं जुन्यानं.
अडवलंही जुन्यांनीच.

तळातले दोघे मी पुसून टाकले. आवाज येत नाही पुसताना.
मामा माळ्याकडे बघत होते, सहजच असेल.
नव्याला किल्ल्या करून दिल्या,
पण पुन्हा बंद करून बघायचं धाडस
टॉवेल निघाल्यावर.

घरी आले तर नळ गेलेला.
ओट्यावर ओली पावलं, आईनं एकटीनं भरलेल्या घागरी,
आणि तोटीखाली शेवटची बादली, अर्धी.
"झालं का चालू?"
"जुन्यावर चालू आहे."
तिनं बादली उचलली.
"मग चालू दे की."