नळस्टॉप

भोरच्या केंद्रावरून निखत इनामदारचा तिसरा फोन:
"मॅडम, रिपोर्ट जात नाहीयेत.
चकली फिरते, फिरते, आणि मग पांढरं पान."
चकली म्हणते ती. मी तसंच लिहून घेतलं:
चकली, साधारण एक मिनिट.

कर्वे रोडवरून शेवटची मेट्रो गेली.
चौथ्या मजल्यावर एसीची घरघर,
आणि अंगावर शाल घेऊन मी
तिकोनासमोर.
तिकोना म्हणजे आमचा प्रॉक्सी.
हब्बू सरांनी सगळ्या मशिनांना किल्ल्यांची नावं ठेवली
आणि निवृत्त होऊन स्वतः धारवाडला गेले.

प्रॉक्सी म्हणजे काय, हे आईला एकदा सांगितलं होतं.
तुमच्या भिशीतल्या आपटेकाकू.
कुणी कुणाशी थेट बोलायचं नाही, सगळं त्यांच्यामार्फत.
आई म्हणाली, मग जे अडतं ते त्यांच्याकडेच अडत असणार.

खरंय. पण पुरावा लागतो.
तिकोनाला वगळून थेट गेले: पापणी लवायच्या आत उत्तर.
तिकोनामार्फत गेले: दहा, वीस, चाळीस,
साठाव्या सेकंदाला मुदत संपली.
पुन्हा केलं, तर लगेच उघडलं.
हे वाईट. कायमचं बिघडलेलं सापडतं,
अधूनमधून बिघडणारं
तक्रार करणाऱ्यालाच खोटं पाडतं.

केबल बदलली. मुदत साठाची एकशेवीस केली.
निखत म्हणाली, आता चकली जास्त वेळ फिरते.
मग तिने एका सात वर्षांच्या मुलाच्या प्लेटलेट्स
मला फोनवर वाचून दाखवल्या, अडतीस हजार,
मी त्या डॉक्टरांना दुसऱ्या फोनवर वाचून दाखवल्या.
तेवढ्यापुरती मीच तिकोना.

दोन वाजता वायरीला कान लावला.
ओळीमागून ओळ सरकत होती
आणि प्रत्येक वेळी तिकोना आधी एकाच पत्त्यावर विचारत होता:
हे नाव कुठे राहतं, सांग.
पाच सेकंद काही नाही.
सांग ना.
काही नाही.
मग दुसऱ्याला विचारायचा, तो चटकन सांगायचा,
पण तोवर पलीकडचं माणूस कंटाळलेलं.

तो पत्ता राजमाचीचा.
राजमाची गेल्या दिवाळीआधीच बंद केली.
दोघांनी उचलून जिन्याने खाली नेली,
टेम्पोत टाकली, भंगारात दिली.
फॉर्मवर सही माझी.
तिकोनाच्या यादीत मात्र पहिली ओळ तीच.

मग इतके महिने कसं चाललं?
जुना राउटर तोंडाळ होता.
असं कुणी इथे राहत नाही, म्हणून खेकसायचा,
आणि तिकोना निमूट पुढच्या दारी जायचा.
शनिवारी आम्ही नवी फायरवॉल बसवली.
ती सभ्य आहे. नको असलेलं गिळते आणि गप्प बसते.
तोंडावर दार आपटलं असतं तर आवाज तरी आला असता.

एक ओळ पुसली.
तिकोना उठवला.
निखत म्हणाली, "गेले. सगळे गेले. चकली दिसलीसुद्धा नाही."
त्या मुलाचं काय झालं, ते विचारायचं राहिलं.
अहवालात लिहिलं: कारण, जुनी नोंद.
कुणी ठेवली, ते लिहिलं नाही.
हब्बू सरांना मेसेज टाईप केला
आणि पाठवला नाही. तीन वाजले होते.

खाली आले. नांदेडहून आलेला आमचा नवा पोरगा
पहिल्याच दिवशी विचारत होता,
मॅडम, नळस्टॉपचा नळ कुठाय?
मी हसले होते.

रिक्षावाल्याचा फोन: "कुठे उभ्या आहात?"
"नळस्टॉप," म्हणाले.
दोन मिनिटांत आला.