सतरा

रात्री पावणेदहाला
मेरन फ्लेट गळ्यातली किल्ली झग्याआडून काढते,
अंगाच्या उबेची.
भिंतीतल्या कपाटात आणखी एक कपाट,
त्याची किल्ली इशबेलकडे.
एकटीनं उघडायचं नाही.
मॉर्फिनवर दिव्याचा उजेड पडायचा तर
दोन माणसं हजर हवीत.

एक मोठ्यानं मोजते, दुसरी ओठांत.
चोवीस. कालही चोवीस.
सही. सही.
बाटली डोळ्यांसमोर धरून रेघ बघतात,
दुधाचं माप बघावं तशी.
फ्रिजचा पारा चारवर.
डोळ्यांच्या थेंबांना महिना झाला,
टाका.

ऑर्कनीत झाडं जवळजवळ नाहीतच,
म्हणून वारा थेट भिंतीशी भांडतो.

सहा नंबरचे थॉर्फिन इस्बिस्टर सोमवारी गेले.
उभा जन्म खेकड्यांचे पिंजरे टाकण्यात गेला त्यांचा.
त्यांची रक्त पातळ करणारी पाकिटं
खालच्या फळीवर आहेत अजून, नावासकट,
शुक्रवारच्या बोटीनं परत जातील.
माणूस आधी गेला.
बोट वाऱ्यावर अवलंबून.

आणि मग नऊ नंबरची ऑस्ला.
चादर बदलताना विणकामाची पिशवी कलंडली,
अर्धवट मोज्याच्या टाचेतून
गोळ्या सांडल्या.
सतरा.
कडा विरघळलेल्या, जिभेखाली धरून ठेवल्यासारख्या.

वहीत सगळं बरोबर होतं.
दिली, दिली, दिली,
मेरनच्याच अक्षरात.

ती पलंगावर बसली. रागवायचं होतं,
आवाज कुठे ठेवलाय ते आठवेना.
ऑस्ला म्हणाली,
"एडविनच्या आहेत त्या.
त्याचेही गुडघे धरतात गं.
तुमच्या गाडीवर त्याच्या नावाचं काहीच नसतं,
मग मी माझ्यातली ठेवते.
रोज नाही हं.
त्याला फार होत असेल, असं वाटलं त्याच दिवशी."

एडविन समुद्राकडच्या भिंतीलगत आहे,
अकरा वर्षं.

मेरननं मागची पानं चाळली.
मंगळवार : ऑस्ला रेंडल, वेदना जास्त, थंडीमुळे असावं.
रविवार : रात्रभर जागी, थंडीमुळे असावं.
सतरा वेळा थंडी.

इशबेलला बोलावलं. पुन्हा मोजल्या.
सही. सही.
"कोणाच्या" या रकान्यापाशी पेन थोडं थांबलं,
मग रीतसर ऑस्लाचंच नाव.
खाली सूचना :
गोळी दिल्यावर पाणी पाजावं, तोंड उघडायला सांगावं.

दुसऱ्या संध्याकाळी गाडी नऊपाशी आली.
छोट्या कपात एकच गोळी.
ऑस्लानं कप हलवून पाहिला.
"आणि त्याची?"

मेरन खोटं बोलणाऱ्यातली नाही.
चर्चच्या हिशेबात पेनीची चूक निघाली
तर ती भर पावसात परत जाते.

"कपाटात आहे," ती म्हणाली.
"कुलूप?"
"दोन."
"किल्ली?"
मेरननं गळ्यातली बाहेर काढून दाखवली.

ऑस्लानं गोळी घेतली, वर पाणी,
आणि कोणी सांगायच्या आत
शाळकरी पोरीसारखी जीभ बाहेर काढली.