डावा दंड

ऑक्टोबर. दारावरचा हिरवा क्रॉस
धुक्यात उघडमीट करतोय.
आमच्या प्रांताचं नावच 'डोंगरांपलीकडे',
आणि डोंगरांपलीकडे इंटरनेट
खेचराच्या पावलांनी चढतं.

देओलिंदा फ्रागोझू काउंटरवर कार्ड ठेवते.
काळा स्वेटर, इतका नवा
की घडीची रेघ अजून मोडलेली नाही.
रविवारी जुळ्या बहिणीला माती दिली.
"फ्लूची लस, दोतोरा," म्हणते,
आणि सुयांच्या डब्याकडे नजर जाऊ देत नाही.

मी नंबर टाकते. चक्र फिरतं. फिरत राहतं.
मग लाल पट्टी:
या हंगामाचा डोस दिलेला आहे.
बारा दिवसांपूर्वी, याच फार्मसीत.
लॉट नंबर. डावा दंड.
देणाऱ्याचं नाव: माझं.

पोटात गोळा येतो.
देओलिंदा, एर्मेलिंदा, यादीत एकाखाली एक.
जन्मतारीख एक, आईबाप एक, गाव एक,
वीस मिनिटांचा फरक लिहायला रकानाच नाही.
माझंच बोट एक ओळ घसरलं असणार.

पोर्तूला फोन लावते.
मदतकक्षातला पोरगा गोड आवाजात सांगतो,
चूक कोणती ते यादीतून निवडा:
चुकीची व्यक्ती, चुकीची लस, चुकीचा दंड.
पण एर्मेलिंदाची फाइल मिटली आहे, मॅडम,
मृतांच्या नावावर डोस चढत नाही.
"तेव्हा ती जिवंत होती."
"पण सिस्टिमला तुम्ही आज विचारताय ना."

"ठेवा तो फोन," देओलिंदा म्हणते,
"चूक तुमची नाही."

ती बाही वर सारते. डावी. मग उजवी.
सत्त्याहत्तर वर्षांचे सैल, गोरे दंड,
आणि एकावरही देवीचा वण नाही.

"शाळेत नर्स आली तेव्हा
मी पावाच्या भट्टीमागे लपले होते.
एर्मेलिंदा रांगेत दोनदा उभी राहिली.
एकदा डावा हात पुढे केला, एकदा उजवा.
नर्सच्या वहीत आम्ही दोघी बरोबर भरलो."

मी स्क्रीन मागे सरकवत जाते.
गेलं वर्ष. त्याआधीचं. सात वर्षं.
देओलिंदा, डावा दंड. आठवड्याने
एर्मेलिंदा, उजवा दंड.
दर वेळी सुई माझ्याच हातात.
कार्ड पाहिलं होतं, चेहरा पाहिला होता,
चेहऱ्याला कसं विचारायचं, तू कुणाचा?
आता आठवतं, एकदा राखाडी रुमाल असायचा, एकदा निळा,
आणि निळ्या रुमालातली एकदा कापूस दाबत म्हणाली होती,
"घरी एक भित्री आहे, एक पट्टी जास्तीची द्या."

या वर्षी एर्मेलिंदाची ओळ कोरी आहे.
बहिणीचं आधी उरकलं तिने.
स्वतःचं पुढच्या आठवड्यावर टाकलं.

आठ नोंदी. आठ दुरुस्तीचे अर्ज.
प्रत्येकात खुलाशाला दोनशे अक्षरांची जागा.
मी लिहिते: नाव बरोबर, दंड दुसरीचा.
सिस्टिम विचारते, नक्की?
नक्की, म्हणते मी, आठ वेळा.
स्थिती: प्रलंबित.

देओलिंदा खुर्चीत बसते, डोळे गच्च मिटते.
"माझ्या नावाने ती कोणता हात द्यायची?"
"डावा."
"मग डावाच घ्या."

स्पिरिटचा वास. दंडाची कातडी चिमटीत.
झालं, मी म्हणते.

ती एक डोळा उघडते.
"झालं? एवढंच?"
बराच वेळ पट्टीकडे बघत राहते,
मग तिचा चेहरा रागाने लाल होत जातो.
"फार दुखतं म्हणायची. जीव जातो म्हणायची.
दर हिवाळ्यात
त्या बदल्यात तिची भांडी मी घासली."