माया

शिवणकामात माया म्हणजे
टिपेच्या आत दुमडून ठेवलेलं जास्तीचं कापड.
गिऱ्हाइकाला दिसत नाही.
अंग भरलं की उसवायचं आणि तिथून द्यायचं.

निमिषच्या शाळेच्या पँटला
दर जूनला मी कंबरेत दीड इंच माया ठेवायची.
दिवाळीच्या आत संपायची.

शिरधनकर काकू जिन्यात म्हणायच्या,
खात्यापित्या घरचा दिसतो हो.
मला बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू?
जन्मला तेव्हा दोन किलोसुद्धा नव्हता,
काचेच्या पेटीत अकरा दिवस.
त्या बाळशाची वाट पाहून पाहून
ते आलं तेव्हा
कुठे थांबवायचं हे कोण सांगणार होतं मला.

आणि लग्नसराई.
रात्री दोनपर्यंत मशीन, ब्लाउजांचा ढीग,
तो मांडीशी येऊन उभा राहिला
की दहा रुपयांचं पाकीट.
पाकीट फाटल्याचा आवाज यायचा,
मग मोबाईलचा,
मग मला टीप सरळ घालता यायची.

सातवीत, सप्टेंबरात, कपडे भिजवताना
त्याच्या पँटला बटणाच्या जागी पिन सापडली.
शिंपिणीच्या पोराच्या पँटला पिन.
कधीपासून रे?
ऑगस्टपासून.
मग सांगायचं नाही का मला?
तर म्हणाला,
तू परत टेप लावशील.

महापालिकेच्या दवाखान्यात डॉक्टर कुरियनबाईंनी
त्याला काट्यावर पाठमोरं उभं केलं,
आकडा कागदावर लिहिला, मोठ्याने वाचला नाही.
मला म्हणाल्या, वजन उतरवायच्या मागे लागू नका.
आहे तिथे थोपवून धरा,
उंची यायचीय अजून, ती तिचं काम करील.
आणि त्याला वेगळं ताट वाढू नका,
जे त्याला, तेच सगळ्यांना.

सगळ्यांना म्हणजे ह्यांनाही.
रात्रपाळीहून आल्यावर शेवेचा डबा लागतो ह्यांना.
तीन दिवस घरात कुणी कुणाशी बोललं नाही.
चौथ्या दिवशी डबा उघडून
भाजलेले चणे खात बसले,
माझ्याकडे न बघता.

संध्याकाळी सातला मशीनवर चादर टाकायची.
दोन गिऱ्हाइकं गेली त्यात,
कन्नमवार नगरात शिंपिणी काय कमी आहेत?
खाडीच्या बाजूच्या रस्त्याने मी आणि तो.
आधी माझ्या दहा पावलं पुढे चालायचा,
आईबरोबर कोणी पाहू नये म्हणून.
पुढे कधीतरी बरोबर चालू लागला,
आणि एकदा अंधारात, खाडीचा वास येत असताना,
आपणहून बोलला:
खाली क्रिकेटमध्ये मला कीपर ठेवतात ना,
ते मी चांगला आहे म्हणून नाही.
मागे बॉल जाणार नाही म्हणून.

मी काय बोलणार.
म्हटलं, मग अडवतोस का?
म्हणाला, अडवतो की.

चाचणी परीक्षेच्या आठवड्यात
मोरीचं दार लावून अख्खा बिस्किटपुडा संपवला.
कागद चुरगाळल्याचा आवाज मी ओळखते,
मीच शिकवलेला आवाज आहे तो.
दाराबाहेर खाली बसून राहिले.
बऱ्याच वेळाने आतून विचारलं, आई, आहेस का?
आहे, म्हटलं.
भाकरी गरम आहे, तीही आहे.

ह्या जूनला नवं कापड घेण्याआधी
जुनी पँट काढली.
गळ्यातली टेप काढून मी विचारलं,
लावू का?
त्याने ती हातातून घेतली,
आरशाकडे पाठ करून स्वतःच लावली
आणि माझ्या वहीत लिहिलं,
कंबर: तीच.
लांबी: पावणेदोन इंच जास्त.

मग मी पायांची दुमड उसवली.
आतलं कापड गर्द निळं,
ऊन न लागलेलं, नव्यासारखं.
जुन्या घडीची रेघ मात्र राहिली,
तीनदा इस्त्री फिरवूनही जाईना.
पट्टी लावून झाकून देते, म्हटलं.
तो पाय घालता घालता म्हणाला,
राहू दे.