खांब क्रमांक सतरा

रात्री पावणेदोनला मी लँडलाइन फिरवला,
मोबाइल इथे फाटकावरच जमा होतात,
आणि हौशीराम भोर जीपची किल्ली घेऊन दारात उभा.
"कसला आवाज, मॅडम?"
आवाज नाही, खरखर.
पडद्यावर सगळ्या वारंवारतांना एकदमच उचकी लागलीय.

बाहेर खोडदच्या माळावर तीस तबकड्या
ईशान्येला माना वळवून.
तिकडे हंसाच्या मानेजवळ एक निळा तारा
साडेपाच दिवसांत एक फेरी घालतो.
कोणाभोवती?
फोटोत तरी कुणी नाही.
आपल्याकडे येताना त्याचा उजेड जरा जास्त निळा,
लांब जाताना कणभर तांबूस,
एवढ्याशा घसरणीवरून लोकांनी
त्या रिकाम्या जागेचं वजन काढलं:
एकवीस सूर्य, थोडं इकडेतिकडे.
ताऱ्याचा ओरबाडलेला वायू
पडण्याआधी गरगरतो, तापतो,
क्ष-किरणांत ओरडतो,
आणि मग ओरडत नाही.
संध्याकाळीच उपग्रहाचा निरोप होता:
ओरडा वाढलाय, रेडिओत बघा.
बघत होते. तर ही खरखर.

"म्हणजे तुमचं विवर, का आमची एमएसईबी?"
हौशीराम हसला.
माझ्या प्रबंधात या प्रश्नाला अठ्ठावीस पानं लागलीत.

जीपच्या टपावर काटेरी अँटेना, मांडीवर मीटर.
दोन्ही बाजूंना टोमॅटो, काठ्यांना बांधलेले,
नारायणगावच्या बाजाराला निघायचे क्रेट
रस्त्याकडेला रचलेले.
एक कुत्रं ओढ्यापर्यंत सोबत धावलं.
काटा चारवर. चारवर. अडीच.
"मागं घ्या."
साडेपाच.
सात.

खांब क्रमांक सतरा.
मी मान मोडेस्तोवर वर पाहिलं.
ठिणगी नाही, तडतड नाही.
काही दिसत नाहीये, हौशीराम.
तो काही बोलला नाही.
पहिला गिअर टाकून
बांधावरून, पाटावरून, आचके देत
त्याने खांबाभोवती एक अख्खी फेरी मारली.
अँटेना मी आत रोखून धरलेली.
काटा सगळीकडून सातच.
"दिसायला कशाला पाहिजे?" तो म्हणाला.

वायरमन आतार साडेतीनला आले, बनियनवर,
लाइन बंद करून चढले
आणि इन्सुलेटरवरची भेग शोधली,
केसाएवढी.
"एवढ्यासाठी उठवलंत?"
"सात हजार वर्षं वाटेत होतं म्हणे कायतरी,"
हौशीराम टॉर्च धरून खालून म्हणाला,
"आपल्याच दारात अडखळलं असतं."
आतारांनी वरूनच सात हजारांना एक शिवी दिली.

परत आलो तर पडदा स्वच्छ.
इतका स्वच्छ की माझ्या पोटात गोळा आला:
म्हणजे सगळी खरखरच होती?
दोन तासांची बेरीज व्हायला
दोन तासच लागतात.
हौशीराम खुर्चीत बसल्या बसल्या घोरला.
तबकड्यांच्या जाळीतून वारा जात राहिला,
हंस डोक्यावर आला, फिकट झाला.

सहाला एक ठिपका. तिळाएवढा,
पण जिथे असायला हवा तिथेच.

त्याला उठवलं. तो डोळे चोळत बराच वेळ बघत राहिला.
"हेच का ते?"
नाही. हे त्याच्या तोंडाशी येऊन उधळलेलं.
त्याने गिळलं नाही ते.
"आणि गिळलेलं?"
मी चहाचा थर्मास त्याच्याकडे सरकवला.

नोंदवहीत त्याने त्याच्या रकान्यात लिहिलं:
खांब १७, भेग, दुरुस्त.
माझ्या रकान्यात मी लिहिलं: आढळ, बहुधा.
बहुधा खोडलं.
मग पुन्हा लिहिलं.